जुनी होडी घ्या, पण रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा



गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या वर्कशॉपनंतर एका मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "सर, हे बघाच." स्क्रीनवर अमेरिकेतला एक माणूस आणि त्याच्या गॅरेजमध्ये चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी. बारा मिनिटांत गडी होडी घासतो, आतली कुजलेली फळी उपटतो, नवीन बसवतो, हिरवा रंग मारतो आणि पोराला घेऊन तळ्यात जातो. मुलगा म्हणाला, "आपल्याकडे फायबरच्या जुन्या होड्या लाख-सव्वा लाखात मिळतात सर. दोन महिन्यांत तयार करायची, धंदा सुरू. आयडिया कशी आहे?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण हीच आयडिया चार वर्षांपूर्वी मला आणि माझ्या आतेभावाला सुचली होती, आणि त्या आयडियेचा पैन् पैचा हिशोब माझ्याकडे वहीत आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. पहिल्यांदा मालक होणाऱ्याने जुनीच होडी घ्यावी. नवीन होडी आणि नवीन इंजिन घेऊन, डोक्यावर मोठं कर्ज ठेवून समुद्रात शिकायला जाऊ नये. पण जुनी होडी "स्वस्त" म्हणून घेऊ नये. ती स्वस्त नसते. तिची अर्धी किंमत विकणारा घेतो, उरलेली अर्धी होडी स्वतः वसूल करते, आणि ती कधी वसूल करायची हे तीच ठरवते.

आता त्या अमेरिकन होडीबद्दल थोडं, कारण व्हिडिओ बघून फसायला होतं ते इथेच. तिकडच्या तळ्यांवरच्या या छोट्या होड्या पातळ पत्र्याच्या, रिव्हेट मारून जोडलेल्या असतात. ग्रमन नावाची लढाऊ विमानं बनवणारी कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाच्याच पत्र्याच्या छोट्या नावा बनवायला लागली, तेव्हापासून हा प्रकार तिकडे चांगलाच रुळला. पत्रा कुजत नाही. गळका रिव्हेट शोधायचा तर होडी ट्रॉलीवर ठेवून आतच पाणी भरतात आणि खालून जिथे थेंब पडतो तिथे खडूने खूण करतात. दोष डोळ्यांना दिसतो. आपली फायबरची होडी तशी नाही. ती बाहेरून चकचकीत राहते आणि आतून सडते. शिवाय तो माणूस रविवारी गळ टाकायला जातो. इंजिन बंद पडलं तर वल्हं मारत काठावर येईल. त्याचा रविवार वाया जाईल, तुमचा हप्ता वाया जाईल.

आणखी एक गोष्ट. तळाला शेवाळ आणि शिंपल्या चिकटू नयेत म्हणून तांबं असलेला जो रंग लाकडाला किंवा फायबरला चालतो, तोच रंग अ‍ॅल्युमिनियमला लावला तर खाऱ्या पाण्यात पत्रा खाल्ला जातो. म्हणजे तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे, दोन्ही नुसतं बघून करायचं नसतं.

आमची गोष्ट

आतेभाऊ पुण्यात एका पॅकिंग युनिटमध्ये होता. आजोबा मासेमारी करायचे, वडील मुंबईला नोकरीला गेले, तिथे ती साखळी तुटली. ह्याला परत गावी, देवगडच्या बाजूला यायचं होतं. हातात एक लाख दहा हजार होते. पन्नास हजार मी घातले. मी तेव्हा वर्कशॉपमध्ये छाती ठोकून सांगायचो, "सेकंडहँड मशीन घ्या, भांडवल वाचवा." तेच त्यालाही सांगितलं. एक्सेल शीट बनवून दिली. होडी, इंजिन, थोडी जुनी जाळी मिळून १,३५,०००. दुरुस्ती २५,०००. एकूण १,६०,०००, बरोब्बर आमच्याकडे होते तेवढे. एक्सेलमध्ये होडी कधीच गळत नाही.

होडी बावीस फुटी. निळा-पांढरा ताजा रंग, नाळेवर नवीन नाव, आत झाडून-पुसून. इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, दोन दोऱ्या ओढल्यावर सुरू झालं. आम्ही खूश. बंदरावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी आम्हाला हाक मारली. "रंग काय बघतंस रे? ठोकून आयक." आम्ही हसलो. म्हाताऱ्या माणसांना बोलायची सवय असते, असं वाटलं.

व्यवहार झाला २ मे रोजी. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काका म्हणाले ते काय होतं, हे पंधरा दिवसांनी कळलं. होडीची मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती सगळी फायबर नसते. फायबरच्या दोन थरांच्या मध्ये प्लायवूड असतं. इंजिनाचं वजन पस्तीस ते पन्नास किलो, त्यावर लाटांचे धक्के आणि पंख्याचा रेटा, हे सगळं ती फळी सोसते. इंजिन बसवायला तिला भोकं पाडलेली असतात. त्या भोकांच्या कडा नीट बंद केल्या नाहीत की पाणी आत झिरपतं, आणि दोन फायबरच्या मध्ये अडकलेलं पाणी बाहेर पडत नाही. लाकूड कुजतं. वरून काही दिसत नाही. आम्ही इंजिन उतरवलं, तेव्हा एका बोल्टच्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. कारागिराने कापून दाखवलं तर आत ओलं बिस्कीट. हाताने उकरलं तर निघत होतं.

अशा फळीवर इंजिन लावून आम्ही पाच-सहा मैल आत जाणार होतो. खलाशी दोन, आतेभाऊ तिसरा. फळी समुद्रात फुटली असती तर इंजिन तळाशी आणि मागून पाणी आत. हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही, कारण एक्सेल शीट माझी होती.

तर ठोकून ऐकायचं म्हणजे काय, ते सांगतो. छोटी हातोडी किंवा जाड नाणं घ्या. मागच्या फळीवर, तळाला, कडांना एकेक वीत अंतरावर हलकेच ठोका. चांगल्या ठिकाणी कोरडा, टणक आवाज येतो. आतून सुटलेल्या किंवा भिजलेल्या ठिकाणी बसका, पोकळ आवाज येतो. कान दहा मिनिटांत तयार होतो, खरंच. मग इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि फळीकडे बघत राहा. फळी वाकत असेल, कोपऱ्यात केसासारख्या चिरा उघडझाप करत असतील, तर नमस्कार करून घरी या. किंवा किंमत निम्म्यावर आणा. हे सगळं फुकट आहे. आम्ही ते केलं नाही, कारण रंग छान होता.

दुसरी लपलेली जागा म्हणजे फोम. होडी उलटली तरी तरंगावी म्हणून फळ्यांखाली फोम भरलेला असतो. जुन्या होडीत वर्षानुवर्षं पाणी साचून तो भिजतो. एक घनफूट पाणी म्हणजे साधारण २८ किलो. पाच घनफूट फोम भिजलेला असेल तर रोज १४० किलोचा फुकट्या प्रवासी घेऊन तुम्ही फिरताय, आणि त्याचं पेट्रोल तुम्ही भरताय. होडी पाण्यात एका बाजूला किंवा मागे जास्त बसते आहे का बघा. एखादी फळी उचलून फोम दाबून बघा. विकणारा नको म्हणाला तर का नको म्हणतोय ते विचारा.

हिशोब

आता वही उघडतो. मागची फळी आणि तळाचं काम, त्यात रेझिन, मॅट आणि चांगलं प्लाय मिळून ३८,०००. कारागिराची मजुरी २२,०००. इंजिन ३१,०००. नवीन फोम ६,५००. कागदपत्रं आणि त्यासाठीच्या फेऱ्या ९,०००. लाईफ जॅकेट, वल्ही, टॉर्च, आग विझवायचा छोटा सिलिंडर ५,५००. रंग ४,०००. बेरीज १,१६,०००. आमचा अंदाज होता २५,०००.

वरचे ९१,००० कुठून आले? वहिनीच्या पाटल्या आणि मंगळसूत्र ठेवून. एक लाख काढले, महिन्याला हजार रुपये व्याज. तिने एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं, कारण ती विचारणारा प्रश्न एकच असता: "हे २५,००० कोणी ठरवले?" आणि त्याला उत्तर नव्हतं. आम्ही उरलेल्या पैशाला अंदाज म्हणत होतो.

म्हणून आता मी वर्कशॉपमध्ये जरा वेगळं सांगतो. तुमच्याकडे जेवढे पैसे आहेत, त्याच्या निम्म्यातच जुनी होडी घ्या. दीड लाख असतील तर पंचाहत्तर हजारांची. तेवढ्यात चांगली मिळत नसेल तर थांबा. काही जण म्हणतात, "सर, असं थांबत बसलो तर कधीच सुरू होणार नाही, रिस्क घ्यायला लागते." रिस्क घ्या ना. पण समुद्राची रिस्क वेगळी, हवामानाची वेगळी, भावाची वेगळी. एवढ्या रिस्का आयत्या मिळत असताना कुजलेल्या फळीची आणखी एक विकत कशाला घ्यायची?

आता ती २ मे. फायबरच्या कामाला कोरडी हवा लागते. मॅटमध्ये ओल असेल तर रेझिन नीट धरत नाही, थर सुटतो. मे महिन्याच्या विसाव्या दिवशी आमची फळी उघडली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस. होडी मागून उघडी, वर ताडपत्री आणि झाप. तशीच चार महिने. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने सगळ्यांचेच जातात. पण नारळी पौर्णिमेनंतर बाकीच्या होड्या बाहेर पडल्या आणि आमची ताडपत्रीखाली. ऑक्टोबरच्या उन्हात काम परत सुरू झालं, नोव्हेंबरच्या मध्यावर होडी पाण्यात गेली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर गेले. सहा महिन्यांचं व्याज ६,०००.

होडी डिसेंबर-जानेवारीत बघा. तेव्हा ती पाण्यात चालताना बघायला मिळते, आणि दुरुस्तीला फेब्रुवारी ते मे असे चार कोरडे महिने हातात राहतात. मेमध्ये विकणारा घाईत असतो, त्याला पावसाळ्यात होडी ओढून शाकारायचा खर्च नको असतो, म्हणून किंमत खाली येते. ती खाली आलेली किंमत आम्हाला सौदा वाटली होती.

स्वतःचे हात

इथे माझं माझ्या काही सहकारी ट्रेनर मित्रांशी पटत नाही. ते म्हणतात, मालकाने मालकाचं काम करावं, हाताचं काम आउटसोर्स करावं. दुकानाला, ऑफिसला हे ठीक असेल. होडीला नाही. समुद्रात मेकॅनिकला फोन करून तो येत नाही. आतेभावाने पहिले आठ दिवस कारागिराला काम देऊन टाकलं होतं आणि तो घरी बसायचा. नंतर मी हट्टाने त्याला तिथे बसवला. घासायला, मॅट कापायला, रोलर फिरवायला. त्या महिन्याभरात तो जे शिकला ते त्याला आजपर्यंत पुरतंय.

काय शिकला? चीर दिसली की नुसती वरून लुगदी भरून ती बुजत नाही, दोन्ही बाजूंनी लांब उतार देत घासावी लागते. पाच मिलिमीटर जाडीला पन्नास-साठ मिलिमीटरचा उतार, म्हणजे नवीन थराला धरायला जागा मिळते. एक किलो रेझिनला हार्डनर दहा ते वीस ग्रॅम, ऊन जास्त असेल तर कमी बाजूला. एकदम मोठा डबा कालवायचा नाही, डब्यातच तापून गोळा होतो, धूर निघतो. आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवा: रेझिन लवकर सुकावं म्हणून जो जांभळा कोबाल्ट घालतात, तो आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. भडका उडू शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा. घासताना मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ आहे ती, पीठ नव्हे. वास डोक्यात जातो, म्हणून बंद खोलीत काम नाही.

प्लायवूडचं सांगायचं राहिलं. जुनी फळी काढल्यावर कळलं की आधीच्या कोणीतरी एकदा ती बदलली होती, पण फर्निचरचं साधं प्लाय घालून. दिसायला दोन्ही सारखीच. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो बघूनच घ्यायचं. फरक काही हजारांचा. कोणीतरी ते काही हजार वाचवले आणि त्याचं बिल आम्ही भरलं. नवीन फळीत इंजिनाची भोकं पाडताना कारागिराने आधी मोठी भोकं पाडली, ती इपॉक्सीने भरली, आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टची भोकं पाडली. आता पाणी आलं तरी इपॉक्सीला लागतं, लाकडाला नाही. दोन तासांचं जास्तीचं काम. चार वर्षं फळी कोरडी आहे.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. घेण्याआधी खालच्या गिअरचं ऑईल काढून बघा. दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलेत. आमचं दुधाळ होतं, आम्ही काढून बघितलं नव्हतं. इंजिन चालू असताना बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार सारखी आली पाहिजे. धार बारीक असेल तर पाणी खेचणारी रबरी चक्री झिजलीय, इंजिन तापणार. आणि गार इंजिन सुरू करून दाखवायला सांगा. आम्ही पोचायच्या आधीच विकणाऱ्याने ते गरम करून ठेवलं होतं, हे नंतर डोक्यात आलं. रोज आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं. आतेभाऊ कितीही दमला असला तरी हे करतो. एकतीस हजार गेल्यावर माणूस करतो.

कागद

होडी ज्याच्याकडून घेतली त्याच्या नावावर ती नव्हतीच. वडिलांच्या नावावर होती, वडील वारलेले. तीन वारस, एक मुंबईत, एक सुरतेला. सह्या गोळा व्हायला दोन महिने गेले. पावसाळ्यात काम बंदच होतं म्हणून हा उशीर आम्हाला जाणवला नाही, नाहीतर तयार होडी किनाऱ्यावर बसली असती.

मासेमारी होडीची नोंदणी रिअलक्राफ्ट या ऑनलाईन प्रणालीत होते, आणि राज्याच्या हद्दीत, म्हणजे बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा परवाना १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. होडीवर रंगवलेला नंबर, नोंदणीतला नंबर, इंजिनावरचा नंबर, हे जुळतात का ते बयाणा देण्याआधी बघा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक फेरी मारा. आणि बयाणा म्हणजे थोडीच रक्कम, बाकीचे नाव बदलल्यावर. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच.

त्या रत्नागिरीच्या मुलाच्या डोक्यात पर्यटकांना फिरवायचं होतं, तेही सांगतो. मासेमारीचा परवाना म्हणजे पैसे घेऊन माणसं बसवायचा परवाना नव्हे. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं, होडीची तपासणी होते, अटी वेगळ्या असतात. "सीझनमध्ये चार फेऱ्या मारू, कोण बघतंय" असं म्हणणारे भेटतील. आठ माणसं बसवलेली होडी कलली की सगळेच बघतात.

योजनांबद्दल दरवेळी विचारता म्हणून दोन ओळी. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे, त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे. जरूर अर्ज करा. पण तो पैसा आधीच हातात आहे असं धरून होडीचा सौदा करू नका.

होडीचा वाटा

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मी मॅनेजमेंटची पुस्तकं वाचून लोकांना घसारा, म्हणजे डेप्रिसिएशन, शिकवतो. दर वर्षी यंत्राची किंमत थोडी थोडी संपते, तेवढा पैसा बाजूला काढा. कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आमच्या बंदरावर मात्र शाळेत न गेलेल्या माणसालाही ते कळतं, कारण तिथे वाट्याची पद्धत आहे.

समजा दिवसाची मासळी लिलावात सहा हजाराला गेली. पेट्रोल, बर्फ, चहा-पाणी १,८००. राहिले ४,२००. त्याचे पाच वाटे. होडी-इंजिनाचा एक, जाळ्याचा एक, आणि तीन माणसांचे तीन. प्रत्येकी ८४०. वाटे पाडायची रीत बंदराबंदराला बदलते, पण होडीला माणसासारखा वाटा मिळतो ही गोष्ट सगळीकडे आहे.

नवीन मालक चुकतो तो इथे. आतेभाऊ पहिल्या दोन महिन्यांत घरी २,५२० घेऊन जायचा, स्वतःचा, होडीचा, जाळ्याचा. "मालक आहे ना मी." मी म्हटलं, तू मालक आहेस हे खरं, पण तुझी कमाई ८४०. होडीचे ८४० होडीचे आहेत. ती खात नाही म्हणून तू तिचं खाऊ नकोस. त्याला राग आला. दोन आठवडे फोन नाही. मग जाळं खडकाला अडकून फाटलं आणि नवीन घ्यायला पैसे नव्हते. दुकानदाराकडून उधारीवर घेतलं.

त्यानंतर वहिनीने हिशोब स्वतःकडे घेतला. तीन डबे केले, साधे स्टीलचे. होडी, जाळं, घर. पहिल्या पूर्ण वर्षात होडी ११८ दिवस बाहेर पडली. वर्षाचे ३६५, त्यातले बंदीचे ६१ वजा केले तरी ३०४ उरतात, आणि प्रत्यक्षात ११८. वारा, लाटा, इंजिनाची दोन आजारपणं, गावची जत्रा, खलाशी न येणं. एक्सेलमध्ये मी २२० धरले होते. होडीच्या वाट्याची सरासरी ४५० पडली, म्हणजे ५३,१०० रुपये होडीच्या डब्यात. दुसऱ्या वर्षी इंजिनाचं मोठं काम निघालं ते त्यातून झालं, कोणाकडे हात पसरावा लागला नाही. पाटल्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी घरी आल्या.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं? होडी बघायच्या आधी एक सीझन कोणाच्या तरी होडीवर खलाशी म्हणून जा. तो जरा पडला. "सर, मी डिप्लोमा केलाय." मी म्हटलं, म्हणूनच तुला लवकर कळेल. वाटा मिळेल, पगार समज. रोज पहाटे उठवतं का ते बघ, पोटात ढवळतं का ते बघ, लिलावात तुझी मासळी कोण पाडून मागतो ते बघ. बंदरावरची कुठली होडी कोणाची, ती का विकायला काढलीय, कुठल्या होडीच्या तळाला कधी खडक लागलाय, हे खलाशाला माहीत असतं आणि गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. आणि सीझनच्या शेवटी पैसे लावायचे नाहीत असं वाटलं, तर तुझा एक रुपया गेलेला नसेल.

त्याने अजून काही कळवलेलं नाही. कदाचित मेमध्ये एखादी स्वस्त होडी बघून आलाही असेल.

आतेभाऊ मात्र आता दुसरी होडी बघतोय, तीही जुनीच. जानेवारीत मला घेऊन जाणार आहे. त्या म्हाताऱ्या काकांनाही सोबत नेणार आहोत, त्यांची तब्येत बरी असली तर. माझ्या पन्नास हजारांपैकी बत्तीस हजार परत आलेत. उरलेल्याचं मी विचारत नाही, दर पौर्णिमेला वहिनीच फोन करून डब्यात किती जमलेत ते सांगते.